तिकीट, चित्र आणि शिक्का

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय खरं तर डोळ्यांनी बघायचा आणि तो मी तुमच्या कानांवर घालतो आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

समजा, घारापुरीच्या त्रिमूर्तीचं एक जुनं, काळंपांढरं पिक्चर पोस्टकार्ड आहे. मधला शांत चेहरा, एका अंगाला उग्र भैरव, दुसऱ्या अंगाला हातात कमळ घेतलेला कोमल चेहरा. त्याच कार्डावर चित्राच्या बाजूला, म्हणजे पत्त्याच्या बाजूला नव्हे, वरच्या कोपऱ्यात नऊ पैचं हिरवं तिकीट लावलंय. त्यावरही तीच त्रिमूर्ती. लेण्यातली अठरा-वीस फुटांची मूर्ती इथे अंगठ्याखाली झाकली जाईल एवढी. आणि तिकिटावरून कार्डावर उतरलेला मुंबईचा काळा गोल शिक्का, तारीख १५ ऑगस्ट १९४९. चित्र, तिकीट आणि शिक्का अशी तिघांची जुळणी झाली की त्याला संग्राहक मॅक्सिमम कार्ड म्हणतात.

ही तारीख मी मुद्दाम घेतली. त्या दिवशी आपल्या टपाल खात्यानं प्राचीन वास्तू आणि शिल्पांची सोळा तिकिटांची मालिका काढली. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, सहा पैच्यावर कोणार्कचा घोडा, आणि असं चढत चढत पंधरा रुपयांच्या तिकिटावर पालिताण्याची शत्रुंजयाची मंदिरं. या छंदासाठी याहून सोयीची मालिका नसेल, कारण यातल्या बहुतेक ठिकाणांची पोस्टकार्डं तिकिटं निघण्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात होती. जाणकारांना नेमकं तेच हवं असतं, की कार्ड तिकिटाच्या आधीचं असावं. तिकीट आल्यावर त्याचंच चित्र मोठं करून कार्ड छापायचं, हे नियमात बसत नाही. बसलं असतं तरी मला ते आवडलं नसतं. मग शोधायचं काय राहिलं?

चित्र आणि तिकीट जुळवणं त्या मानानं सोपं. पैसे टाकले की दोन्ही मिळतात. खरी मेख आहे शिक्क्यात. शिक्क्यावरचं गाव विषयाशी नातं सांगणारं हवं आणि तारीख तिकीट चलनात असतानाची हवी, शक्यतो पहिल्या दिवसाच्या जवळची.

या गावाच्या भानगडीचा एक गमतीदार नमुना सांगतो. त्याच १९४९च्या मालिकेत सहा आण्यांच्या तिकिटावर विजापूरचा गोलघुमट आहे. आता मुंबईचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी आठवा, बोरीबंदरजवळची. जॉन बेग या वास्तुविशारदानं आखलेली ही इमारत १९१३ साली पुरी झाली आणि तिचा घुमट गोलघुमटावरूनच सुचलेला आहे. म्हणजे गोलघुमटाच्या तिकिटावर शिक्का मारणारा कारकून स्वतःच त्या घुमटाच्या नातवाखाली बसलेला! तरीही मुंबईचा शिक्का चालणार नाही. मुहम्मद आदिलशहाची कबर विजापुरात, तेव्हा शिक्काही विजापूरचाच हवा.

माणसांच्या बाबतीत जरा मोकळीक असते. जन्मगाव चालतं, कर्मभूमी चालते, समाधीचं ठिकाणही चालतं. शिवाजी महाराजांचं १९६१चं तिकीट घ्या. त्याला शिवनेरीसाठी जुन्नरचा शिक्का शोभेल आणि पुण्याचाही शोभेल. पण १९७४ साली राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचं जे तिकीट निघालं, त्यात प्रसंगच नेमका आहे. तिथे रायगडाच्या पायथ्याच्या मुलखातला, निदान महाडचा शिक्का नसेल तर मी ते कार्ड अर्धंच मानतो. हे माझं मत. याहून सैल हातानं गोळा करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे संग्रह माझ्यापेक्षा मोठे असतात, हेही सांगून टाकतो.

चित्राच्या बाजूला तिकीट लावायची हौस मात्र आजकालची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये गेलेले युरोपातले प्रवासी स्फिंक्सच्या चित्राच्या कार्डावर स्फिंक्सचंच तिकीट चिकटवून घरी धाडत. तिथल्या तिकिटांवर स्फिंक्स आणि पिरॅमिड होतेच. नियमावली, प्रदर्शनं, परीक्षक हे सगळं फार नंतर आलं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आपल्याच गावापासून करा. गावातलं देऊळ, किल्ला किंवा एखादी थोर व्यक्ती तिकिटावर आली आहे का, ते मोठ्या टपाल कचेरीतल्या फिलाटेली, म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीच्या काउंटरवर विचारा. काही पर्यटनस्थळांच्या टपाल कचेऱ्यांत कायमचा सचित्र शिक्का असतो, त्यावर त्या जागेचंच चित्र कोरलेलं असतं. तो मिळाला तर दुधात साखर. तिकीट अशा कोपऱ्यात लावा की चित्रातलं महत्त्वाचं काही झाकलं जाणार नाही. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कार्डावर पडायला हवा, हे काउंटरवरच्या माणसाला आधीच नम्रपणे सांगा; एकदा हात खाली आला की बोलून उपयोग नाही. आणि लॅमिनेशन केलेलं चकचकीत कार्ड नेऊ नका. त्यावर शाई धरत नाही, घरी पोचेपर्यंत गावाचं नाव बोटाला लागलेलं असतं.