विरजणातून निघालेली कात्री

नमस्कार श्रोतेहो. नीटचा निकाल लागला की ठाण्यात, वाशीत, नेरूळला घरोघर एकच चर्चा: आता पुढे काय? आज एक वेगळी वाट सांगतो, जनुक-संपादनाच्या, म्हणजे पेशीतला डीएनए हव्या त्या जागी कापून बदलणाऱ्या जीनोम एडिटिंगच्या, प्रयोगशाळेचं प्रमुख होण्याची.

वाट लांब आहे. बीएस्सी, एमएस्सी मिळून 5 वर्षं. मग नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना विद्यावेतन. पीएचडीला 5 ते 6 वर्षं. आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातही ती करता येते. त्यानंतर 3-4 वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, बहुधा परदेशात. परत यायला रामलिंगस्वामी फेलोशिपसारखी दारं आहेत. स्वतःच्या प्रयोगशाळेची किल्ली हातात यायची वेळ पस्तिशीच्या आसपास येते. पुन्हा सांगतो, पस्तिशीच्या आसपास. पंचविशीत सगळं हवं असेल, तर ही वाट नको.

आणि आठवीपासून मुलाला क्लासला जुंपणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: जनुक-संपादनाचं हे तंत्र कोणी ठरवून शोधायला निघालं नव्हतं. ते दह्याच्या विरजणात सापडलं. हो, विरजणात.

दही लावणारा एक जिवाणू आहे, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. कारखान्यात हजारो लिटर दुधाला तो लावतात, आणि कधीकधी सगळं विरजण बसतं. म्हणजे दूध दूधच राहतं. कारण फेज, जिवाणूंना मारणारा विषाणू. डॅनिस्को या कंपनीतले रोडॉल्फ बारांगू आणि फिलिप होर्वाथ यांनी जिवाणूंवर मुद्दाम फेज सोडले. बहुतेक मेले, थोडे वाचले. वाचलेल्यांच्या डीएनएत क्रिस्पर नावाच्या पट्ट्यात नवे तुकडे दिसले, तीसेक अक्षरांचे. ते तुकडे त्या फेजच्याच डीएनएचे निघाले!

सोसायटीचा वॉचमन गाडीचा नंबर वहीत लिहून ठेवतो ना, तसंच. बारांगू-होर्वाथ यांनी वहीतलं पान फाडलं, म्हणजे तुकडा काढला, तर जिवाणू मरू लागले. दुसऱ्या जिवाणूत तुकडा घातला, तर तो वाचला. आणि फेजच्या नंबरात एक अक्षर बदललं, तरी तो आत शिरला. हे 2007 साली छापून आलं. 2012 साली शार्पेंतिए आणि डाउडना या शास्त्रज्ञांनी वॉचमनच्या हाती आपल्या मनाचा नंबर देता येतो, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापता येतो, हे दाखवलं, आणि 2020 मध्ये दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा नंबर म्हणजे 20 अक्षरांचा गाइड आरएनए, आणि कापणारी कात्री म्हणजे कॅस-9 हे प्रथिन.

आता प्रमुखाचं रोजचं काम. एका जनुकासाठी एकच गाइड मागवू नका, तीन-चार मागवा. कागदावर उत्तम दिसणारा गाइड पेशीत चालेलच असं नाही. गाइडच्या 20 अक्षरांना लागून डीएनएवर जीजी ही अक्षरांची जोडी, मध्ये एक अक्षर सोडून, असावीच लागते, नाहीतर कॅस-9 कापत नाही. पेशी 37 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवायच्या. विजेचा झटका देऊन कात्री आत घातली की दोन-तीन दिवसांनी डीएनए काढून वाचायचा. मग एकेक पेशी वेगळी करून वाढवायची, त्याला तीन-चार आठवडे.

बिघाड होतो तो पुष्कळदा मायकोप्लाझ्मामुळे. हा जंतू द्रव गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, पेशी फक्त मंदावतात. विद्यार्थी महिनाभर गाइडला दोष देत बसतो. म्हणून महिन्यातून एकदा पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी. पुन्हा सांगतो, महिन्यातून एकदा. नवीन आलेल्या पेशी चाचणी होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. आणि उणे 80 अंशांच्या फ्रीझरला जनरेटरची लाइन, वर अलार्म. तो अलार्म प्रमुखाच्याच मोबाइलवर वाजायला हवा, रविवारीसुद्धा.