पाठमोरं हायकोर्ट

मुंबई हायकोर्टात आपण शिरतो ते पूर्वेकडून, म्हणजे इमारतीच्या पाठीमागून. तिचं तोंड पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचा तट पाडायला घेतला आणि एस्प्लनेडची, म्हणजे तटाबाहेरच्या मैदानाची, जागा बांधकामाला मोकळी झाली. दक्षिणेकडून सचिवालय, विद्यापीठाच्या इमारती, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी अशी एक रांगच तिथं उभी राहिली. त्या वेळी समोर बॅक बेचं पाणी होतं. मरीन ड्राइव्हची भर फार नंतरची. ही सगळी रांग समुद्राचा वारा अंगावर घेण्यासाठी पश्चिमेकडे वळवलेली आहे.

हायकोर्ट सुरू झालं १४ ऑगस्ट १८६२ ला, पण ते अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या अ‍ॅडमिरल्टी हाउसमध्ये. जेम्स फुलर यांनी आखलेल्या आजच्या इमारतीचं काम १८७१ च्या एप्रिलमध्ये सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरात संपलं. लांबी ५६२ फूट, मधला मनोरा १७५ फूट. मंजूर रक्कम १६,४७,१९६ रुपये, प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८. सरकारी बांधकामात २,६६८ रुपये उरले, हे आवर्जून सांगायला हवं!

मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी बुरूज आहेत. त्यांतले गोल जिने न्यायाधीशांसाठी. वकील आणि अशिलांचा मोठा जिना पूर्वेला. दोघांची वाट कुठं एक होऊ नये, याची काळजी नकाशातच घेतलेली दिसते.

मधल्या दालनात, ४६ नंबरच्या कोर्टात, २२ जुलै १९०८ च्या रात्री न्या. दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते. शिक्षेनंतर टिळक जे बोलले, ते आता बाहेरच्या संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे. आत जाण्याआधी ती वाचाच.

आता दगड. भिंती काळ्या बेसाल्टच्या, त्यांना ऊन-पाऊस फारसा बाधत नाही. कोरीवकामाला मात्र मऊ पोरबंदरी दगड वापरलाय. एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेलं माकड, वकिली बँड लावलेला कोल्हा, ही शिल्पं जवळ जाऊन पाहावीत. अशा चुनखडीच्या दगडाचा घात होतो तो सिमेंटनं दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्यामुळे. सिमेंट घट्ट, त्यामुळे भिंतीत मुरलेलं पाणी सांध्यातून न सुटता दगडातून बाहेर पडतं. येताना क्षार आणतं, ते पृष्ठभागाखाली साठतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटू लागतात. एकदा गेलेली रेघ परत येत नाही. म्हणून अशा भिंतीचा सांधा छिन्नीनंच मोकळा करायचा. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल जायचं, धूळ झाडायची, पाणी मारायचं आणि चुना दाबून भरायचा. मग निदान आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवायचं. घाईनं वाळलेला चुना भुगा होऊन गळतो आणि पहिल्याच पावसात सांधा पुन्हा उघडा पडतो.