काठावरचा कॅमेरा आणि पाण्यातला कॅमेरा

मित्रहो, टेबलावर दोन कॅमेरे ठेवले आहेत. एक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा, दोन्ही हातांनी धरावा लागणारा. दुसरा मुठीत मावतो, त्याच्या कडा रबरी आहेत आणि तो थेट पाण्यात बुडवता येतो. मी ओढ्याकाठचे चतुर आणि बेडूक यांचे फोटो काढते. या कामात दोन्ही कॅमेरे माझ्यासोबत असतात, आणि ते पाहून कुणी ना कुणी विचारतंच, ‘ताई, यातला चांगला कोणता?’ आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

सुरुवात सेन्सरपासून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपपासून करू, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं. फुल फ्रेम म्हणवणाऱ्या मोठ्या मिररलेसचा सेन्सर 36 गुणिले 24 मिलिमीटरचा असतो, म्हणजे 864 चौरस मिलिमीटर. या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहूनही लहान. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 28 चौरस मिलिमीटर भरतं. तीसपट फरक आहे हा. पावसाच्या पाण्याखाली परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर वेळ तेवढाच असला तरी कशात किती साठेल हे सांगायला नको. प्रकाशाचंही तसंच. झाडीतल्या अंधारात, संध्याकाळी, छोट्या सेन्सरवर दाणे उठतात, रंग मातकट होतात, सावलीतले बारकावे जातात. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण भरून निघत नाही.

पण इथेच थांबून निकाल देऊ नका. लेन्सचं तोंड किती उघडतं तेही हिशेबात घ्या. ऑलिम्पसचा टीजी-6 हा 2019 सालचा कॅमेरा घेऊ. त्याची लेन्स रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ 2 इतकी उघडते. एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. आता एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा मिररलेस आणि त्याच्यासोबत येणारी साधी झूम लेन्स घ्या, जी रुंद टोकाला एफ 3.5 ला सुरू होते. सेन्सर तेरापट मोठा, पण लेन्स तिपटीने कमी प्रकाश आत सोडते. हातात उरतो साधारण चौपट फायदा, फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). फायदा आहेच, पण कागदावरच्या तेरापटीइतका नाही. मिररलेस घेऊन त्यावर कायम तीच साधी झूम ठेवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. त्या कॅमेऱ्याची खरी ताकद लेन्स बदलण्यात आहे. एफ 1.8 ची लेन्स चढवा, मग तुलनाच संपते.

छोट्या कॅमेऱ्यात झूम वाढवला की चित्र पालटतं. फुल फ्रेमवरच्या 100 मिलिमीटर लेन्सच्या तोडीच्या टोकाला तो एफ 4.9 वर येतो, म्हणजे प्रकाश एफ 2 च्या मानाने सहापट घटला. शिवाय तिथे प्रकाशाचं विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना त्याचं पसरणं, आडवं येतं. एफ 4.9 ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण साडेसहा मायक्रॉनची चकती होऊन पडतो, आणि 12 मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एक पिक्सेल दीड मायक्रॉनचा आहे. एक बिंदू चार पिक्सेल रुंदीवर पसरला. म्हणून अशा कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेलचा मोठा आकडा दिसला तर त्याला भुलू नका. 12 पुरेसे आहेत. आकडा वाढवून फाइल जड होईल, बारकावा वाढणार नाही.

आता उलट बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना आपण एकाच दृश्याचे दोन फोटो शेजारी ठेवतो आणि मोठे करून पाहतो. म्हणजे दोन्ही कॅमेरे त्या दृश्यापर्यंत पोहोचले हे आपण गृहीतच धरलेलं असतं. माझ्या अनुभवात हे गृहीत चुकतं. एकदा डबक्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं शेवाळ खरवडत होती. काठावर उभी राहून मी मिररलेसने चाळीसेक फोटो काढले. सगळ्यांत पाण्यावरचं आभाळ आलं आणि त्याखाली काळे ठिपके. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावला, थोडं बरं झालं. मग छोटा कॅमेरा हातात धरून मनगटापर्यंत पाण्यात घातला, अंदाजाने रोखला आणि बटण दाबलं. त्यातल्या एका फोटोत पिल्लाचं तोंड समोरून दिसत होतं, ओठांवरच्या दातांच्या रांगांसकट. दाणे होते, कडा किंचित मऊ होत्या. पण तो फोटो माझ्याजवळ आहे, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने तो निघालाच नसता.

अगदी जवळच्या फोटोंत लहान सेन्सर उलट उपयोगाला येतो. 36 मिलिमीटर रुंदीचं पान चौकटीत भरायचं तर फुल फ्रेमला ते मूळ आकाराइतकंच सेन्सरवर उमटवावं लागतं. छोट्या सेन्सरला त्याच्या सहाव्या हिश्शाएवढी प्रतिमा पुरते. त्यामुळे लेन्स सारखीच उघडी ठेवली तरी किती खोलीपर्यंत सगळं स्पष्ट दिसतं, यात छोटा कॅमेरा बराच पुढे जातो. टीजीची लेन्स वस्तूपासून एक सेंटिमीटरवर आणता येते. बेडकाच्या अंड्यांचा पुंजका असा टिपायला मिररलेसवर अगदी जवळून टिपणारी वेगळी मॅक्रो लेन्स, लेन्सचं तोंड बरंच बारीक करणं आणि भरपूर फ्लॅश लागतो.

उडणारा चतुर मात्र छोट्या कॅमेऱ्याला झेपत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. चतुर हवेत जागच्या जागी थांबतो आणि क्षणात दिशा बदलतो. तिथे व्ह्यूफाइंडर, म्हणजे दृश्य पाहायची छोटी खिडकी, डोळ्याला लावून, लांब लेन्सने, सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात फोटो घ्यावा लागतो, आणि फोकसने त्याच्या मागे धावावं लागतं. आजचे बरेच मिररलेस सेन्सरवरच फेज, म्हणजे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशातला फरक, ओळखून फोकस लावतात, म्हणून लेन्स कुठल्या बाजूला हलवायची हे त्यांना आधीच कळतं. बहुतेक जलरोधक कॅमेरे मागे-पुढे करून स्पष्टता शोधतात, आणि तोवर चतुर निघून गेलेला असतो. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही आणि व्ह्यूफाइंडर नाही, ही आणखी एक अडचण.

पाण्याखाली गेल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, 1.33 आहे. सपाट काचेतून पाहिलं की पाण्यातली वस्तू जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे 25 मिलिमीटरची रुंद लेन्स पाण्यात साधारण 33 सारखी वागते. आणि पाणी आधी लाल रंग गिळतं. काही मीटर खाली गेलात की सगळं निळं-हिरवं होतं. म्हणून कॅमेऱ्यात पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग सुधारणारी सोय, हवा, आणि शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती, जिच्यात रंग नंतर सुधारता येतात. अनेक जलरोधक कॅमेरे रॉ देत नाहीत. मी घेताना हे आधी पाहते, किती मीटर खोल चालतो तो आकडा नंतर.

‘वेदर-सील्ड’, म्हणजे पाऊस-धुळीपासून सांधे बंद केलेला, हा शब्द वाचून मिररलेस पाण्यात नेणारे मी पाहिले आहेत, म्हणून यावर जरा थांबते. वस्तू धूळ-पाणी किती अडवते ते सांगणाऱ्या आयपी संकेतात पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी असतो. 2022 सालच्या ओएम-1 या मिररलेसला आयपी 53 मिळालं आहे. त्यातला 3 म्हणजे तुषार सहन करणं. पाण्यात बुडवणं 7 पासून सुरू होतं: एक मीटर, तीस मिनिटं. 8 म्हणजे त्याहून अवघड अट, जी कंपनी स्वतः सांगते. बऱ्याच मिररलेसना तर कुठलाच आकडा नसतो, नुसता शब्द असतो. बॉडी सील्ड आणि लेन्स सील्ड नसेल, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. 7 किंवा 8 मिळालेली वस्तू जोराच्या धारेला टिकेलच असं नाही, त्याची चाचणी वेगळी असते. बुडणारा कॅमेरा धुताना नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. भांड्यातल्या गोड्या पाण्यात भिजत ठेवा.

मोबाइलचंही विचाराल, तर उत्तर छोटं आहे. जलरोधक असेल तर तो बुडाला तरी बहुधा वाचेल, पण पाण्यात टचस्क्रीन बोटाचं ऐकत नाही.

‘दोन्ही गुण एकाच कॅमेऱ्यात का नाहीत?’ असाही प्रश्न येतो. प्रयत्न झाले आहेत. निकॉनोस हा पाण्यात वापरायचा, लेन्स बदलता येणारा फिल्म कॅमेरा 1963 साली आला. त्याच्या मुळाशी फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्यासाठी तयार झालेला कॅलिप्सो हा कॅमेरा होता. 2013 साली निकॉनने वन एडब्ल्यू 1 काढला, मिररलेस आणि 15 मीटरपर्यंत जलरोधक. ती मालिकाच पुढे बंद झाली, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. आज मिररलेस पाण्याखाली न्यायचा तर त्याला स्वतंत्र पेटी लागते. चांगली पेटी कॅमेऱ्याइतकी, कधी त्याहूनही महाग पडते, आणि कॅमेरा बदलला की पेटीही बदलावी लागते. नियमित स्कूबा करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. गुडघाभर ओढ्यासाठी मी घेणार नाही.

दाबाचं थोडं सांगते, कारण त्यावरून शेवटच्या मुद्द्याकडे जायचं आहे. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. 15 मीटरवर कॅमेऱ्याच्या मागच्या सात गुणिले पाच सेंटिमीटरच्या पडद्यावर जवळपास पन्नास किलोचा जादा भार येतो. एवढं सोसणारा कॅमेरा माझ्या हातून गुडघाभर पाण्यात मेला. बॅटरी बदलताना दाराच्या रबरी कडीवर एक केस आडवा पडला होता. तो मला दिसला नाही. दार नेहमीसारखंच टक आवाज करून बंद झालं. अर्ध्या तासाने पडद्याच्या आतून धुकं दिसलं, आणि कार्ड सोडून काहीच वाचलं नाही. तेव्हापासून पाण्याजवळ मी दार उघडतच नाही. बॅटरी आणि कार्ड घरी, कोरड्या हातांनी, उजेडात बदलते.

मिररलेसलाही कमी जपावं लागत नाही. दमट हवेत लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली ठेवा. थंड खोलीतून एकदम उबदार, ओलसर हवेत आलात तर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर काचेवर बाष्प धरेल.

ज्यांना एकच कॅमेरा घ्यायचा आहे, त्यांनी गेल्या वर्षभरात हुकलेले फोटो आठवून पाहा. अंधारामुळे, अंतरामुळे, वेगामुळे हुकले असतील तर मिररलेस आणि त्यासोबत एक चांगली लेन्स घ्या. कॅमेरा पाण्याच्या, वाळूच्या, चिखलाच्या भीतीने पिशवीत राहिला म्हणून हुकले असतील, तर हा छोटा घ्या, आणि दाणे येणार हे आधीच मान्य करा.

आता दिवे जरा वाढवाल का? मी या कॅमेऱ्याचं दार उघडते. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ या. ही काळी रबरी कडी पाहा. आधी भिंगातून पूर्ण फेरी बघायची, मग कोरड्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू पुसायच्या, कडी जिथे टेकते ती कडासुद्धा. वर्षातून एकदा कंपनीकडून ती बदलून घ्यायची. इथे, या कोपऱ्यात, वाळूचा एक कण मी मुद्दाम ठेवला आहे. दार बंद करते. आवाज ऐका, आणि कुलूप पूर्ण बसलंय की नाही तेही पाहा. काही वेगळं जाणवलं का तुम्हाला? आता उघडते, आणि तो कण तुमच्यापैकी कुणीतरी शोधून काढा.