दोन रुपये, एक घराणं

हे दोन चांदीचे रुपये बघा. दोन्ही १८८१ सालचे. डावीकडचा मुंबईच्या बाजारात चालायचा, त्यावर व्हिक्टोरिया राणी. उजवीकडचा गोव्यातला, त्यावर पोर्तुगालचा राजा लुईश. ती प्रोटेस्टंट, तो कॅथलिक. पण नात्याने राणी त्याची आत्या लागते. राणीची आई आणि लुईशचे आजोबा सख्खे बहीणभाऊ, आणि त्यांचं माहेर-घर एकच: कोबुर्ग.

कोबुर्ग आज जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात आहे. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी टुमदार गाव. इथले ड्यूक नावाचे मोठे, कर्जाने मात्र गळ्यापर्यंत बुडालेले. विकण्यासारखं फारसं काही नव्हतं. मुलंबाळं भरपूर होती.

१७९५ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन आपल्या नातवासाठी मुलगी शोधत होती. कोबुर्गच्या ऑगस्टाबाई तीन मुलींना घेऊन पीटर्सबर्गला पोचल्या. सरळसरळ मुली दाखवायचा कार्यक्रम, कांदेपोहे तेवढे नव्हते. पसंत पडली धाकटी, युलियाना. लग्नात तिचं वय १४. नवरा विचित्र आणि रागीट. काही वर्षांनी ती माहेरी निघून आली ती परत गेलीच नाही. तिच्या नशिबी सुख नव्हतं, पण घराण्याला मोठ्या घरांचे दरवाजे उघडले.

तिचा भाऊ फर्डिनांड. त्याने कोहारी या हंगेरीतल्या धनाढ्य कॅथलिक घरातली एकुलती वारसदार केली. त्यांच्या मुलाने १८३६ साली पोर्तुगालच्या राणीशी लग्न केलं. आपला रुपयावरचा लुईश त्यांचाच.

सगळ्यांत धाकटा लिओपोल्ड. १८३१ साली तो बेल्जियमचा पहिला राजा झाला, पण त्याचं खरं कसब सोयरीक जुळवण्यात. व्हिक्टोरियाचा तो मामा, आणि कोबुर्गच्या अल्बर्टचा काका. अशा माणसाला मध्यस्थाची काय गरज!

या दोघांच्या जन्माची गोष्ट तर सांगायलाच हवी. १८१९ च्या वसंतात व्हिक्टोरियाची आई पोटुशी असताना जर्मनीहून घोडागाडीने इंग्लंडला निघाली. गादीवर हक्क सांगणारं मूल इंग्लंडच्याच मातीत जन्मावं, हा हट्ट. सोबत होत्या शार्लोट फॉन सीबोल्ड. साधी सुईण नव्हे, प्रसूतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बाई. २४ मे रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात त्यांच्या हाती व्हिक्टोरिया आली. मग त्या जर्मनीला परतल्या, आणि २६ ऑगस्टला कोबुर्गजवळच्या रोझेनाऊ वाड्यात त्यांच्याच हाती अल्बर्टचा जन्म झाला.

१८४० साली दोघांचं लग्न झालं. आपल्याकडे बऱ्याच घरांत मामाची मुलगी करतात. अल्बर्टने आत्याची केली.

त्यांचा नातू राजा पंचम जॉर्ज. त्याच्या घराण्याचं नाव सॅक्स-कोबुर्ग-गोथा. १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी भरदिवसा लंडनवर बॉम्ब टाकले. एक बॉम्ब शाळेवर पडला, लहान मुलं गेली. ती विमानं गोथा शहरातल्या कारखान्याची, आणि लोक त्यांना गोथा याच नावाने ओळखत. १७ जुलैला राजाने आडनाव बदललं: विंडसर.

कोबुर्गच्या गादीवर तेव्हा ड्यूक कार्ल एडुआर्ड होता. जर्मनीच्या बाजूने उभा. जन्म इंग्लंडचा, शाळा ईटन, आणि पंचम जॉर्जचा सख्खा चुलतभाऊ. १९१९ साली त्याची इंग्रजी सरदारकी काढून घेण्यात आली.