उत्तरपूजा राहून गेली

(मावळत्या कार्यकारिणीच्या निरोपानिमित्त मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी बजावलंय, "थोडक्यात बोल आणि कुणाला रडवू नकोस." यातलं एक काहीतरी जमेल.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधली माझी टीम बंद झाली. नऊ माणसं, सहा वर्षांची सोबत. मंगळवारी सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि साडेदहाला लॅपटॉप बंद. ज्यांच्याशी रोज भांडत होते, त्यांतल्या निम्म्यांचे घरचे नंबरही माझ्याकडे नव्हते. पगाराचं दुःख पुढच्या पगाराने भरून आलं. खुपत राहिलं ते हे, की आम्ही एकमेकांना साधं अच्छासुद्धा म्हणालो नाही.

तेव्हा मला आपल्या इथले, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचे कॅसिनीवाले आठवले, म्हणजे नासाचं शनीकडे गेलेलं कॅसिनी यान चालवणारी मंडळी. १९९७ साली यान सोडलं, २००४ मध्ये ते शनीपाशी पोचलं आणि तेरा वर्षं त्याच्याभोवती फिरलं. मग इंधन संपत आलं. भरकटून ते एन्सेलॅडस या शनीच्या चंद्रावर आदळलं असतं, तर बर्फाखालच्या तिथल्या समुद्रात पृथ्वीवरचे जंतू जाण्याची भीती होती. म्हणून त्यांनी ते मुद्दाम शनीतच सोडायचं ठरवलं. शेवटच्या बावीस फेऱ्या कडी आणि ग्रह यांच्या मधल्या फटीतून. तारीखही आधीच माहीत होती, १५ सप्टेंबर २०१७. आपले बाप्पा त्याच्या दहा दिवस आधी गेले होते.

पहाटे ४:५५ ला सिग्नल तुटला. शनीहून सिग्नल यायला तेव्हा ८३ मिनिटं लागत होती. म्हणजे पडद्यावर सिग्नलची रेघ दिसत होती, तेव्हा यान कधीच भस्म झालेलं होतं. आमचंही तेच. सोमवारी आम्ही पुढच्या तिमाहीचे बेत आखत बसलो होतो आणि वरती निर्णय होऊन गेलेला!

फरक पुढे आहे. प्रकल्पप्रमुख अर्ल मेझ यांनी सगळ्यांचं कौतुक केलं, मोहीम संपल्याचं सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि मग लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. जुने सहकारी बायकापोरांसह तिथल्याच कॅलटेक विद्यापीठात जमले होते.

ही उत्तरपूजाच की! आपण बाप्पाला थेट उचलून पाण्यात नेत नाही. आरती होते, अक्षता वाहतो, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो. त्यानंतरच उचलायची. माझ्या आजीला त्या क्षणी दरवेळी हुंदका यायचा, आणि विसर्जनाला मात्र ती कधी गेली नाही. तिच्या लेखी बाप्पा तेव्हाच गेलेले असत.

आमची उत्तरपूजा तीन महिने उशिरा झाली. शोधून शोधून माझ्यासकट सातजण झालो. एका डोसेवाल्याकडे जमलो. आमच्या टेस्टरने नियम काढला: सहा वर्षांत केलेली आणि लपवलेली एक चूक प्रत्येकाने कबूल करायची. एका रविवारी अख्खी सिस्टिम चार तास झोपली होती ना, ती कुणामुळे, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याचमुळे! बाकी सहाजणांना पहिल्यापासून ठाऊक होतं, कुणी बोललं नव्हतं. तिथे मी रडले, हे अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सांगते.

तेव्हा नव्या मंडळींनो, गोडाऊनच्या किल्ल्या आणि ढोल जरा थांबू देत. आधी मावळती कार्यकारिणी स्टेजवर या. नियम तोच. खजिनदार, तुमच्यापासून सुरुवात. गेल्या गणपतीतल्या त्या ऐंशी मोदकांचं नक्की काय झालं?