आर्लिंग्टनमध्ये आपली पाटी लागेल का?

नमस्कार मंडळी. मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे मला दिलेली दहा मिनिटं मी बारावर नेणार नाही.

विषय बहुतेकांना माहीत आहे. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, की दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणी दोस्तांच्या बाजूने लढल्या, मग इथे वॉशिंग्टनजवळ, हाकेच्या अंतरावर आर्लिंग्टनची राष्ट्रीय लष्करी स्मशानभूमी आहे तिथे त्यांच्या नावाची एक पाटी का नको, मंडळाने वर्गणी काढूया. त्यावर दोन दिवस नुसती हाणामारी झाली आणि शेवटी कमिटीने मला सांगितलं, तू नियम वाचून ये.

वाचून आलो. उत्तर जवळपास नाही असंच आहे, पण ते का, ते ऐकण्यासारखं आहे.

2012 च्या कायद्याने आर्लिंग्टनमधल्या स्मारकांचं सगळं बांधून टाकलंय. स्मारक कोणाचं? तर आर्म्ड फोर्सेसमध्ये सेवा केलेल्या माणसाचं किंवा गटाचं, नाहीतर एखाद्या लष्करी घटनेचं. आता आर्म्ड फोर्सेस म्हणजे या कायद्याच्या भाषेत फक्त अमेरिकेच्या फौजा, दोस्त देशाची पलटण त्या शब्दातच बसत नाही. घटनेला पंचवीस वर्षं होऊन गेलेली हवीत, खर्च सगळा खाजगी देणगीतून, जागा फक्त अशी जिथे दफन करता येत नाही, डिझाइन मंजूर होण्याआधी राजधानीतल्या स्मारकांच्या डिझाइनवर मत देणाऱ्या फाइन आर्ट्स कमिशनचा सल्ला, आणि वर एक अट अशी की या दगडासाठी आर्लिंग्टनच्या बाहेर कुठे योग्य जागा आहे का याचा त्रयस्थाकडून अभ्यास करून द्यायचा. आपल्यातल्या वकीलसाहेबांनी लगेच विचारलंच, पलटणीऐवजी लढाईच्या नावाने अर्ज केला तर? करा की. पण त्या शेवटच्या अटीवर काय लिहिणार? आपली माणसं पडली ती इराकमध्ये, इटलीत, आणि तिथे जागा आहे. खरं सांगू, मला ती अट चुकीची वाटत नाही.

मग आत्ता तिथे परक्यांचे दगड आहेत ते कसे आले? बरेचसे या कायद्याच्या आधीचे. कॅनडाचा क्रॉस 1927 चा, ग्रॅनाइटचा, त्यावर ब्राँझची तलवार. पण तो नीट वाचला तर कळतं की तो कॅनडाच्या फौजेत जाऊन लढलेल्या अमेरिकनांसाठी आहे. ब्रिटनचे फील्ड मार्शल सर जॉन डिल 1944 मध्ये वॉशिंग्टनमध्येच वारले, त्यांचा तर घोड्यावरचा पुतळा आहे, आणि अख्ख्या आर्लिंग्टनमध्ये असे घोड्यावरचे पुतळे दोनच.

मला मात्र जीव लावला तो तिसऱ्या दगडाने. एका झाडाखाली छोटासा दगड, त्यावर पाटी, आपण पाहुण्यांना घेऊन केनेडींच्या समाधीकडे जाताना लक्षही जात नाही. 1961 ते 1973 लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने गुपचूप लढलेल्या ह्मोंग (तिथली एक डोंगराळ जमात) आणि लाओ सैनिकांचा आणि त्यांच्या अमेरिकन सल्लागारांचा तो दगड. हे युद्ध चालू आहे हे सरकार उघड बोलतच नव्हतं, त्यामुळे ही माणसं कुठल्याच यादीत नाहीत, आणि दगड बसला तो 1997 मध्ये. पुढे 2018 मध्ये कायदा झाला की यातल्या जे अमेरिकन नागरिक झालेत अशा पात्र लोकांना राष्ट्रीय स्मशानभूमीत दफन करता येईल, तेही आर्लिंग्टन सोडून, माजी सैनिकांच्या खात्याकडे आहेत त्या स्मशानभूम्यांत. म्हणजे लढाई संपल्यावर पंचेचाळीस वर्षांनी. आपण दोन दिवसांत वैतागलो.

आता आपल्याकडे येतो. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, जी फौज गेली होती तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. तीच तिथल्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, आत मराठा पलटणी होत्या, शेवटी अन्न संपलं आणि शरणागती झाली. तिकडच्या ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांचं स्मारक बसऱ्याला आहे. या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं पहिल्यापासूनचं तत्त्व काय, तर हुद्दा, वंश, धर्म काही न बघता प्रत्येकाला सारखा मान. आणि बसऱ्याच्या भिंतीवर? ब्रिटिशांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. अमुक पलटण, इतके. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून हे कबूल केलं आणि माफी मागितली. सांगायचं एवढंच, की नियम चांगला लिहिलेला होता हो, पाळला नाही.

इटलीचं बघा. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय बावीस, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या छोट्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले तेव्हा एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते घेतलं, आणि मग लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. कबर नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावाच्या युद्धस्मारकावर. पण 2023 मध्ये मोंटोने नावाच्या छोट्या इटालियन गावात त्यांच्या आणि इटलीत लढलेल्या भारतीय फौजेच्या नावाने एक स्मारक झालं, सूर्यघड्याळ आहे ते, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ते आर्लिंग्टनसारख्या लष्करी आवारात नाही, गावात आहे, म्हणूनच मला ते जास्त आवडतं.

तर माझी सूचना अशी. वर्गणी काढायचीच तर पाटीसाठी नको, उन्हाळ्यात युरोपला जाणारे आपल्यात दरवर्षी दहाबारा तरी असतात, त्यातल्यांनी रोमवरून वाट वाकडी करून मोंटोनेला एक हार घेऊन जावा, हाराचे पैसे मंडळ देईल. आणि ज्यांच्या घरी पणजोबा-आजोबा पलटणीत होते आणि महायुद्धात गेले असं बोललं जातं त्यांनी वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव शोधा, फुकट आहे. फक्त पलटण मराठा म्हणून टाकू नका, सापडणार नाही, ब्रिटिश स्पेलिंग महरत्ता असं होतं, एम ए एच आर ए टी टी ए. आडनावही कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असू शकतं, घाडगेचं घाटगे, जाधवचं जादो, सगळे प्रकार टाकून बघा. कोणाला अडलं तर जेवताना मला गाठा, मी पंगतीच्या शेवटी बसतो.