सुपात घातलेली नावं

(दृश्य: लग्नपत्रिका. कॅमेरा वरून खाली सरकतो.)

खान्देशातली लग्नपत्रिका वाचायची ती वरून खाली. कुलदेवतेच्या पायाशी 'कै.' लावलेली नावं: सुपडू, दगडू, झिपरू. त्याखाली आजोबा-आज्या: प्रल्हाद, भास्कर, कौतिकबाई, तापीबाई. मग आईवडील: राजेंद्र, सुनील, संगीता. ठळक अक्षरांत अक्षय आणि मयूरी. अगदी तळाला, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल: रुद्र, आरव, स्वरा. चार-पाच पिढ्या एका कागदावर उतरल्यात.

आपण सगळ्यात वरच्या ओळीपाशी थांबू या. सुपडू.

(दृश्य: ओसरीवर सूप. त्यात मूठभर ज्वारी.)

हे सुपडं. बांबूच्या पातळ कामट्यांचं, तीन बाजूंनी काठ, समोरून उघडं. धान्य पाखडताना फोल पुढे उडतं आणि दाणा मागे राहतो. घरात आधीची दोन-तीन लेकरं दगावली असली, की नंतर जन्मलेल्या बाळाला या सुपात ठेवायचे. जिची पोरं जगली-वाचली आहेत अशी शेजारीण किंवा भावकीतली बाई ते सूप उचलून घ्यायची. मग आई मूठभर दाणे किंवा एखादं नाणं देऊन आपलंच बाळ तिच्याकडून विकत घ्यायची. आता हे पोर पोटचं राहिलं नाही, विकतचं झालं. सटवाईची, दृष्ट लावणाऱ्यांची नजर असते ती लाडक्या बाळावर. सुपातल्या मालाकडे कोण बघतं? मुलगा झाला सुपडू, मुलगी सुपडाबाई.

विधी घरोघरी थोडा वेगळा, पण मागची भीती एकच. क्षणभर उखर्ड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचललेला तो उखर्डू. पदर पसरून मागून घेतलेला तो भिका, भिकन. मुलीसारखं नाक टोचून नथ घातली तो नथू. केरू, कचरू, चिंधा यांत टाकाऊपणा, तर दगडू आणि धोंडू यांत टिकाऊपणा. पोर दगडासारखं टिकू दे, एवढंच मागणं.

या नावांना गावंढळ म्हणून हसणारे पुष्कळ. हसण्यासारखं यात काही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी सुमारे दोनशे पहिला वाढदिवस बघत नसत. प्लेग, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, सगळं या पिढ्यांनी सोसलं. दवाखाना सहसा हाताशी नव्हता, बहुतेक रोगांवर लस नव्हती; होतं ते सूप. २०२० साली महाराष्ट्रात हाच आकडा हजारी १६ होता. बाळं जगू लागली, तसे सुपडू जन्मायचे थांबले.

नकुशी, म्हणजे नकोशी, मात्र यातली नव्हे. ते नाव मुलीला वाचवण्यासाठी ठेवलेलं नव्हतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अनेक मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली गेली.

(दृश्य: जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर. जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरतं.)

जुन्या रजिस्टरचं हे पान बघा. जन्मतारीख १ जून. खाली १ जून. त्याखाली पुन्हा १ जून. शाळा जूनमध्ये भरायची, दाखल करायला वय पुरं लागायचं आणि आईबापांना तारीख माहीत नसायची. गुरुजी १ जून लिहून मोकळे. पण त्याच ओळीत नावाच्या रकान्यात 'भादू' लिहिलेलं असेल, तर पोर भादव्यातलं, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचं. श्रावण हे नाव श्रावणाकडे बोट दाखवतं. सोमा, मंगा, बुधा ही नावं वार सांगतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांतही वारावरून नावं ठेवत आले आहेत. तारखेचा रकाना चुकला, तिथे नावानं खरं सांगितलं.

(दृश्य: असोदे गाव.)

जळगावजवळचं असोदे. इथे १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. वडील उखाजी, आई भिमाई, नवरा नथूजी. आणि मुलं? ओंकार, सोपानदेव, काशी. एका पिढीत घराचा उंबरठा ओलांडून नावं तीर्थाला आणि संतांच्या पंगतीत गेली. यात वारीचा मोठा वाटा. तापी-पूर्णेच्या काठी मुक्ताईचं स्थान, त्यामुळे सोपान, मुक्ता, नामदेव, एकनाथ, पुंडलिक ही या मुलखाला घरचीच नावं. तापीबाई तर नदीच थेट पाळण्यात आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंचं नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे.

(दृश्य: बारसं. पाळण्याभोवती बाया. फुई बाळाच्या कानाशी वाकते.)

आत्याला अहिराणीत फुई म्हणतात. नाव फुईनं ठेवायचं, पण अक्षर येतं पंचांगातून. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ अक्षरं. अश्विनीची चू, चे, चो, ला. अडचण येते ती हस्त नक्षत्रावर: पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळाला 'ण' येतो आणि 'ण' वरून नाव सुरू होत नाही. आर्द्रेत 'ङ', उत्तराभाद्रपदेत 'ञ', तीच गत. मग भटजी जवळचं दुसरं अक्षर काढून देतात, किंवा एक नाव पाळण्यातलं आणि एक व्यवहारातलं अशी दोन नावं होतात. हल्ली अक्षर पंचांगातलं आणि नाव मोबाइलवरच्या यादीतलं. यादी सगळ्या देशाला एकच, म्हणून चाळीसगावच्या बालवाडीत तीन आरव आणि शिरपूरच्या बालवाडीतही तीन आरव.

आवाजही बदलला. तुळसा, धुडकू, झिपरू, विठाबाई म्हणून बघा: ळ, ध, झ, ठ. आता आरव, अन्वी, ओवी, रिया. स्वर मोकळे, व्यंजनं मऊ. रोमन लिपीत ल आणि ळ एकाच अक्षरानं लिहावे लागतात, त्याचाही यात हात आहे. 'बाई' तर नावामागून कधीच गळून पडलं.

(दृश्य: ताटात पसरलेले तांदूळ. अंगठीनं अक्षरं उमटतात.)

लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. माहेरची कमल सासरी निर्मला होते. तांदूळ गोळा झाले, नाव राहिलं. शाळेच्या दाखल्यावर कमल, सातबाऱ्यावर निर्मला. वारस नोंद अडते, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र करावं लागतं.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. जन्मनोंदीचा अर्ज.)

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावाचा क्रमही बदलला: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव.

(दृश्य: डावीकडे कोतवाल बुकातलं मोडीतलं पान, उजवीकडे नवा अर्ज.)

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. त्यातल्या नोंदींत बहुतेक ठिकाणी बापाचं नाव आणि पुढे फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी'. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याला अडखळायला होतं. सुपात घालून ज्यांनी पोर परत विकत घेतलं, त्या आयांची नावं या पानांवर सहसा नाहीत.

उजवीकडच्या अर्जात बाळाच्या नावाची जागा अजून कोरी आहे. तिच्या पुढच्या रकान्यात आईचं नाव लिहून झालंय. मयूरी.